आईच्या डाव्या डोळ्याचं माप

"सुरू कर ना गं," आई म्हणाली.

मी कधीचंच सुरू केलं होतं. खराट्याची काडी माझ्या हातात होती, काडीच्या टोकाला कापसाचा बोळा होता, आणि तो बोळा मी काळ्या भिंतीवरून हळूहळू सरकवत होते. आई भिंतीपासून मीटरभर अंतरावर स्टुलावर बसली होती. हनुवटी गव्हाच्या डब्यावर टेकवलेली, उजव्या डोळ्यावर वाटी धरलेली. डावा डोळा उघडा, आणि मी खडूने काढलेल्या फुलीवर लागलेला. बोळा दिसला की "आहे" म्हणायचं, दिसेनासा झाला की "नाही" म्हणायचं, एवढंच तिचं काम.

"केलंय," मी म्हटलं.

"मग दाखव की."

बोळा फुलीच्या डावीकडे हातभर अंतरावर होता. पांढराशुभ्र बोळा, काळीकुट्ट भिंत, आणि भर दुपारचा उजेड.

हे आमच्या शाळेतलं सांगते आहे. शाळा म्हणजे क्वार्टरची मागची खोली. बाबा पाटबंधारे खात्यात होते. धरणाचं काम संपून चार वर्षं झाली होती आणि बत्तीस क्वार्टर्सच्या कॉलनीत आम्ही धरून पाच घरं उरली होती. बाकीच्या घरांची दारं-खिडक्यासुद्धा लोकांनी काढून नेली होती. मजुरांच्या पोरांसाठी होती ती शाळा केव्हाच बंद पडली, आणि जवळची म्हणावी ती शाळा चौदा किलोमीटरवर. एसटीचा नेम नाही. आई प्राणिशास्त्राची बी.एस्सी. तिने मागच्या खोलीची एक अख्खी भिंत काळी रंगवली आणि म्हणाली, बसा. विद्यार्थी दोन. अकरा वर्षांची मी, रेवती, आणि चार वर्षांची माझी धाकटी बहीण निमी. निमी म्हणजे आपली हजेरीपुरती.

शिकवायची मात्र झकास. माणसाचं शरीर ही फुकटची प्रयोगशाळा आहे, बेडूक कशाला मारायचा, असं तिचं म्हणणं. गुडघ्यावर लाटणं मारून पाय उडतो का पाहायचं, नाक दाबून कांदा कोणता नि बटाटा कोणता ते चवीवर ओळखायचं, आणि जे झालं ते त्याच दिवशी वहीत लिहायचं. शेवटी तिची सही. मला त्या सहीचं फार अप्रूप होतं.

एक काटा होता, तो म्हणजे सिंधूआत्या. बाबांची थोरली बहीण, वर्ध्याला मुख्याध्यापिका. तिला आमची शाळा म्हणजे शुद्ध पोरखेळ वाटायचा. दर महिन्याला माझ्या वह्या पोस्टाने तिच्याकडे जायच्या आणि लाल शाईने रंगून परत यायच्या. त्या दिवाळीत तिने बाबांना बजावलं होतं की मार्चची विज्ञानाची वही पाहीन. पटली तर ठीक, नाहीतर जूनमध्ये रेवती माझ्याकडे राहील आणि माझ्या शाळेत बसेल. बाबा बहिणीपुढे चकार शब्द काढत नसत. मला वर्धा नको होतं. मला आई हवी होती, तिची काळी भिंत हवी होती, आणि ते जाईल या भीतीने मी त्या महिन्यात वही अशी जपत होते की निमीला तिच्या आसपाससुद्धा फिरकू देत नव्हते.

तो मंगळवार होता आणि धडा होता अंधबिंदूचा. डोळ्याच्या मागे जिथून नस बाहेर पडते तिथे कोणालाच काही दिसत नाही, प्रत्येकाच्या नजरेत तेवढं भोक असतंच. पण ते जाणवत नाही, कारण मेंदू आजूबाजूचं पाहून भोक लिंपून टाकतो. "मेंदू फार समजूतदार असतो," आईने सांगितलं होतं. "जिथे दिसत नाही, तिथे जे असायला पाहिजे ते ठेवून देतो." आधी तिने माझं माप घेतलं. बोळा डावीकडून सरकत आला, आहे, आहे, आणि मग चक्क नाहीसा झाला. पुन्हा उगवला. आईने खुणा जोडल्या तेव्हा भिंतीवर पुरीएवढा गोल तयार झाला. नऊ सेंटिमीटर रुंद, अकरा उंच. पुस्तकात दिलेल्या मापाशी अगदी जुळणारा. मला एवढा आनंद झाला की मी खोलीभर नाचले.

आणि आता आईची पाळी होती, तर ती म्हणत होती, दाखव की.

मी बोळा तसाच पुढे सरकवला. आई गप्प. फुलीपासून वीतभर, चार बोटं, दोन बोटं. बोळा फुलीला चिकटला तेव्हा ती म्हणाली, "हं, आहे. आता केलंस सुरू." फुलीच्या उजवीकडे नेला तर आहे, आहे, आहे. परत डावीकडे आणला, की नाही.

मी दुसऱ्यांदा केलं. या वेळी वरून खाली. मग तिसऱ्यांदा, खालून वर. फुलीच्या डावीकडे आईला काहीच नव्हतं. ना बोळा, ना काडी, ना माझा हात. मी वहीत पेन्सिलने नाही, नाही, नाही असं लिहीत होते, तेवढ्यात आई फुलीवरची नजर न हलवता म्हणाली, "निमे, भिंतीला टेकू नको बाई. फ्रॉक खडूने माखेल."

मी डावीकडे पाहिलं. भिंतीपाशी कोणी नव्हतं. निमी मघाशी तिथेच बसली होती हे खरं, पण लुडबुड करते म्हणून मीच तिला गुळाचा खडा देऊन स्वयंपाकघरात पिटाळलं होतं. दारातून तिचे पाय मला दिसत होते. उंबऱ्यावर बसून ती गूळ चोखत होती.

मग मी स्वतःचीच समजूत घातली की आई थट्टा करते आहे.

"झालं का?" आईने विचारलं. "माझी मान अवघडली. किती आलं?"

आता खरं सांगायला काय हरकत आहे. मला त्या क्षणी आईची काळजी वाटली नाही. मला आत्याचं लाल पेन दिसलं. हे कसलं माप, आईला साधा प्रयोग तरी घेता येतो का, असं ती लिहिणार आणि माझी पेटी भरली जाणार. चूक आपलीच असणार, मी काडी वाकडी धरली असणार, असं मी ठरवून टाकलं.

"माझ्याएवढंच," मी म्हटलं. "नऊ बाय अकरा."

आई जरा थांबली. मग तिने डोळ्यावरची वाटी काढली आणि म्हणाली, "शाबास."

मी पेन्सिलीचं सगळं खोडलं, इतकं की कागदाला लव आली. त्याच्यावर शाईने नऊ बाय अकरा लिहिलं. भिंतीवर आईच्या नावाचा एक खोटा गोलही काढून ठेवला. संध्याकाळी आईने वही मागितली, मान तिरकी करकरून पान पाहिलं आणि सही केली. सही पानाच्या मधूनच सुरू झाली आणि आंबटकर या आडनावातला शेवटचा र कडेला मावला नाही.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसं झालं. त्यानंतर मी आईवर नजर ठेवायला लागले. न ठेवते तर बरं होतं. पंधरा दिवसांपूर्वी तिचं डोकं भयंकर दुखलं होतं, उलट्या झाल्या होत्या, दिवसभर अंधार करून ती पडून होती. बाबा म्हणाले, पित्त. तेव्हापासून तिच्या डाव्या दंडावर काळे-निळे डाग होते, आणि बुधवारी ते का होतात हे मला कळलं. दारातून जाताना ती डावीकडची चौकट जमेतच धरत नव्हती, सरळ जाऊन आपटायची. जेवताना म्हणाली, "रेवती, मीठ वाढलं नाहीस आणि चटणी पण विसरलीस." मीठ आणि चटणी ताटात होती. जिथे असायची तिथेच, डाव्या बाजूला. मी ताट थोडं फिरवलं. ती म्हणाली, "हां, आता कसं." बाबा पेपर वाचत होते.

तेव्हाच बोलायला हवं होतं. तोंडाशी आलंही होतं. पण वही शनिवारी पोस्टात पडणार होती, आणि मला वाटलं, तेवढी एकदा जाऊ दे.

गुरुवारी शेवटचा प्रयोग, नाडीचा. बसून नाडी मोजायची, पळून आल्यावर मोजायची, मग किती वेळात पूर्ववत होते ते पाहायचं. पळायला कालव्याच्या काठाचा रस्ता बरा, म्हणून चार वाजता आम्ही तिघी तिकडे गेलो. उन्हाळी पिकांसाठी पाणी सोडलेलं होतं, कालवा काठोकाठ वाहत होता. कॉलनीतली रिकामी घरं मागे उभी होती आणि सगळीकडे चिटपाखरू नव्हतं. आई काठावरच्या दगडावर बसली, बाबांचं घड्याळ हातात घेऊन. निमी तिच्या शेजारी, डाव्या अंगाला, खडे मांडत बसली. लाल फ्रॉक घातला होता तिने.

मी आईला म्हटलं, निमीला उजवीकडे बसव ना. का, असं तिने विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणजे होतं, पण ते दिलं असतं तर मंगळवारचं सगळं बाहेर आलं असतं. मी म्हटलं, असंच. आणि पळायला गेले.

पुलापर्यंत जायचं आणि यायचं, अशा तीन फेऱ्या. तिसऱ्या फेरीनंतर मी धापा टाकत आईसमोर बसले आणि मनगट तिच्या हातात दिलं. ती घड्याळाकडे पाहून पुटपुटत मोजू लागली. मी तिच्या खांद्यावरून पाहिलं. डावीकडे सात-आठ खडे एका ओळीत मांडलेले होते. निमी नव्हती.

"निमी कुठंय?"

"मध्ये बोलू नको. वीस, एकवीस."

"आई, निमी कुठंय?"

"इथंच तर बसून राहिली. तेवीस." मग ती थांबली आणि तिने माझ्या मनगटाकडे पाहिलं. "एवढी कशी वाढली गं एकदम?"

आईने हसत डावा हात बाजूला नेला, निमीच्या डोक्यावर ठेवायला. हात नेमका तेवढ्या उंचीवर थांबला जेवढ्या उंचीवर बसलेल्या निमीचं डोकं आलं असतं. मग खाली गेला आणि दगडावर टेकला. तिने तो उचलून पुन्हा ठेवला. पुन्हा दगडच.

"रेवती," ती अगदी हळू म्हणाली, "मला दिसते आहे ती. लाल फ्रॉक. खडे मोजते आहे. तुला नाही दिसत?"

"नाही."

दोघींपैकी कोण बरोबर आहे याचा आईला निवाडा करता येईना. मला येत होता. मंगळवारपासून तो माझ्यापाशी होता, मी रबराने खोडून ठेवला होता.

मी धावले. पुलाच्या बाजूने तर मी आत्ताच आले होते, म्हणून उलट्या बाजूला, पाणी वाहत होतं त्या दिशेने. वीस-पंचवीस पावलांवर कपडे धुवायच्या पायऱ्या होत्या. निमी शेवटून दुसऱ्या पायरीवर उभी होती. पाणी तिच्या घोट्याच्या वर आलं होतं आणि ती वाकून खडा धूत होती, मन लावून. मी तिला मागून फ्रॉकला धरून ओढलं. खडा पडला म्हणून तिने भोकाड पसरलं. मी तिच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग तिच्याहून मोठ्याने रडले.

कडेवर घेऊन आणली. आई होती तिथेच बसली होती, दोन्ही हात दगडावर दाबून. मी तिच्या उजव्या बाजूला गेले. तिने निमीचं तोंड चाचपलं, डोकं चाचपलं, ओले पाय मुठीत धरून बसली.

"आई, मंगळवारचं माप खोटं आहे," मी म्हटलं.

"माहीत आहे मला."

मला वाटलं, तिला कळलं नाही मी काय म्हणते ते. मी सांगू लागले, की तीनदा केलं आणि तिन्ही वेळा तुला डावीकडे काहीच दिसलं नाही.

"खोडलेलं पान ओळखता येत नाही होय मला?" आई म्हणाली. "तीनदा 'नाही' असं लिहिलं होतंस. उजेडात धरून वाचलं मी."

"मग शाबास का म्हणालीस? सही का केलीस?"

ती पाण्याकडे पाहत राहिली. "तू वर्ध्याला गेली असतीस ना," ती म्हणाली.

मी आयुष्यात आईवर एवढी चिडले नव्हते आणि एवढी मायासुद्धा मला तिची कधी आली नव्हती. दोन्ही एकदमच झालं. तिने पदराने माझं तोंड पुसलं. म्हणाली की आज बाबा आले की तूच सांगायचं, सगळं, पहिल्यापासून. "मी सांगायला बसले तर कमी करून सांगेन," ती म्हणाली.

मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी बाबांनी खात्याची जीप मागून घेतली आणि तिला नागपूरला नेलं. डोक्याच्या मागच्या भागात रक्ताची गुठळी निघाली. डॉक्टरांनी बाबांना समजावलं की डोळे धड आहेत, डोळ्यांनी पाहिलेलं जिथे पोचतं तीच जागा एका बाजूला मेली आहे, आणि अशा माणसाला कधी कधी मघाशी पाहिलेलं त्या बाजूला पुन्हा दिसत राहतं. गुठळी विरघळली, आई वाचली. डावी बाजू परत आली नाही. जूनमध्ये मी वर्ध्याला गेले. आत्याने माझी मार्चची वही कधीच पाहिली नाही, विचारलीही नाही. उलट ती माझ्याशी इतकी मऊ वागायची की मला तिचा राग राग यायचा.

पण हे सगळं पुढचं. त्या वेळी आम्हाला फक्त घरी जायचं होतं, आणि आई उठत नव्हती.

"चल ना," मी म्हटलं.

"ती अजून आहे."

"कोण?"

आईने मानेने डावीकडे खूण केली.

"ती नाहीये, आई. निमी ही आहे. माझ्या कडेवर."

"कळतं गं मला. तुझ्यापेक्षा जास्त कळतं. पण पाण्याच्या काठाला आहे ती. एकटी. पाठ कशी फिरवू?"

मला वाटलं, तिला प्रत्यक्ष दाखवलं की पटेल. मी निमीला घेऊन तिच्या डावीकडे गेले आणि मांडलेल्या खड्यांपाशी, बरोबर त्या जागेवर उभी राहिले. आई समोर पाहत होती. तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

"रेवती?" ती म्हणाली. "कुठं गेलात गं दोघी?"

मी एक हात अंतरावर होते. मी धावत तिच्या उजव्या बाजूला परत आले आणि तिला घट्ट धरलं. मला तिची भीती वाटत होती, आणि त्या भीतीची लाजही वाटत होती.

शेवटी आई उठली. उजवा हात माझ्या खांद्यावर ठेवला. मग कालव्याकडे वळून तिने डावा हात पुढे केला, खाली, लहान मुलाचा हात पोचेल एवढा. "चल गं बाई," ती म्हणाली. "घरी जाऊ." निमीशी बोलायचा तिचा जो आवाज होता, तोच. जरा वेळ ती तशीच थांबली. मग तिने बोटं मिटली आणि चालायला लागली.

रिकाम्या क्वार्टर्सच्या ओळीतून आम्ही चाललो होतो, मी, माझ्या कडेवर निमी, शेजारी आई. ती हळू चालत होती, चार वर्षांच्या मुलाला बरोबर घेऊन माणूस चालतं तेवढं हळू. निमीचं रडं थांबलं होतं. ती माझ्या खांद्यावर मान टाकून आईच्या पलीकडे टक लावून पाहत होती.

घराच्या पायरीपाशी आल्यावर तिने विचारलं, "आई, तू कोणाचा हात धरून राहिली?"

"तुझाच," आई म्हणाली.

दारात ती बाजूला सरकली, हात पुढे करून कोणाला तरी आधी आत जाऊ दिलं, आणि मग स्वतः आत आली.